गवतावरचा विमानतळ



विमानतळ म्हटला की मोठी काचेची इमारत डोळ्यांपुढे येते. पण इंग्लंडमधल्या खेड्यांत इमारत नाही, डांबर नाही, असे विमानतळ आहेत. शेतकरी रानातली एक लांब सपाट पट्टी राखतो आणि तिच्यावरचे गवत कापून बसके ठेवतो. काही ठिकाणी एरवी तिथे मेंढरं चरतात! म्हणून उतरण्याआधी वैमानिक वरून एक फेरी मारून बघतो. मालकाची परवानगी आधी फोनवर घ्यावी लागते ती वेगळीच.

इथे मायक्रोलाईट नावाची एक-दोन माणसांची हलकी विमाने उतरतात. २०२१ पासून तिथे माणसे व इंधन धरून ६०० किलोपर्यंतचे विमान मायक्रोलाईटमध्ये बसू शकते.

पट्टीच्या कडेला उंच काठीवर कापडी नळी टांगतात. तिला विंडसॉक म्हणतात. वारा पूर्वेकडून आला की तिचे शेपूट पश्चिमेला जाते. मग विमान पूर्वेकडे धावते, कारण समोरच्या वाऱ्यात ते लवकर वर उठते. पूर्व म्हणजे होकायंत्रावर ९० अंश. शेवटचे शून्य सोडून त्या धावपट्टीला ०९ म्हणतात, उलट दिशेने २७. आम्ही मैदानावर जुन्या सदऱ्याची बाही टांगली आहे. (वासराने ती दोनदा ओढली.)

आता गुरुजींनी घातलेले गणित. कोरड्या डांबरावर धावून १५ मीटर उंच होईपर्यंत विमानाला २०० मीटर लागतात. गवताची पट्टी ३३० मीटर. उडावे का? ब्रिटनमध्ये वैमानिकांना सांगतात की कोरड्या गवतावर शेकडा २० जास्त धरा, ओल्यावर शेकडा ३०, आणि उत्तराचा एकतृतीयांश राखीव ठेवा. मी २४० अधिक ८०, म्हणजे ३२० काढले आणि ठळक लिहिले, “उडावे.”

गुरुजी म्हणाले, “अरे, पहाटे पाऊस झालाय असं गणितात आहे, वाचलंस का?”

ओल्या गवताचे २६० अधिक ८७, म्हणजे ३४७! माझ्या विमानाने राखीव जागाच खाल्ली. वर्ग हसला, मला मात्र त्यात बसलेली दोन माणसे दिसली. ओल्या गवतातून सायकल मारून बघा, चाक किती जड जाते ते कळेल. अशा वेळी गवत वाळेपर्यंत थांबायचे, नाहीतर सोबत्याला उतरवून विमान हलके करून पुन्हा हिशोब करायचा.

उतरताना ओल्या गवतावर ब्रेक घसरतात, म्हणून शेकडा ३५ जास्त धरतात. तर २४० मीटरचे किती? (राखीव जागा सोडून.) उत्तर खालच्या कोऱ्या कागदावर लिहा. पालकांनीही लिहावे.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी