विमानाचा दीड तास

महाराष्ट्राचा नकाशा पुढे घ्या. नागपूरवर एक बोट आणि मुंबईवर दुसरे बोट ठेवून मध्ये दोरा ताणा. दोरा कुठून गेला? आपल्या मेहकर तालुक्याजवळूनच! दोऱ्याची ही सरळ वाट म्हणजे हवाई अंतर. ते सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वे मात्र वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक अशी वळत जाते. तिची वाट ८३० किलोमीटरांच्या वर आहे. विमानही अगदी दोऱ्यासारखे जात नाही, त्यालाही ठरलेले मार्ग असतात. पण त्याला डोंगर-नदी आडवी येत नाही.

आता हिशेब करू. मोठे विमान उंचावर गेले की तासाला सुमारे ८०० किलोमीटर जाते. अंतराला वेगाने भागले की वेळ निघतो. ६८० भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटे. मग तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ का असतो? विमान जागेवरून हलते, धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते. वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. मुंबईला गर्दी असली तर आकाशातच घिरट्या घालत थांबावे लागते. हा सगळा वेळ तिकिटात धरलेला असतो.

पण हिवरा आश्रमच्या माणसाचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. समजा, घरचं माणूस मुंबईच्या दवाखान्यात आहे आणि लवकर पोचायचं आहे. नागपूरला जावे तर तीनशे किलोमीटर उलट्या दिशेला. छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळ जवळ, सुमारे दीडशे किलोमीटर. तिथवर मोटारीने तीन तास. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोचायचे. विमानात एक तास. मुंबईला सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे शहरात एक तास. बेरीज झाली साडेसात तास!

आणि मोटारीने? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. मेहकरहून त्याच्या मुंबईकडच्या टोकापर्यंत चारशे किलोमीटरांहून थोडे जास्त. साडेचार तास धरा. घरापासून महामार्गापर्यंत अर्धा तास, चहापाण्याला अर्धा, मुंबईच्या गर्दीत दीड. झाले सात तास. विमानाचे तिकीट काढून काय मिळवलं? शिवाय विमान दिवसातून मोजकेच. ते चुकलं की बसा वाट पाहत. मोटार केव्हाही निघते.

दिल्लीला जायचे असेल तर मात्र गणित उलटते. नागपूरपर्यंत पाच तास, विमानतळावर दोन, विमानात पावणेदोन, पुढे दीड, म्हणजे सव्वादहा तास. रेल्वेत तर एक रात्र जातेच.