थांबणाऱ्या कामाचे नाव : यंत्रांच्या आज्ञावलीतील ‘कोरूटीन’

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याची ओळख बहुधा मोटारी, दुचाकी व त्यांचे सुटे भाग यांवरून करून दिली जाते. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६६ मध्ये टेल्को येथे आली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यामानाने अपरिचित राहिली आहेत ती या मोठ्या कारखान्यांना माल पुरविणाऱ्या लहान व मध्यम उद्योगांतील खास यंत्रे. बेअरिंग दाबून बसविणे, नळीची गळती तपासणे, भागावर क्रमांक कोरणे अशा एकाच कामासाठी बांधलेल्या यंत्रास येथील कामगार ‘एसपीएम’ म्हणतात. अशी यंत्रे याच पट्ट्यात बांधली जातात आणि त्यांना चालविणारी आज्ञावलीही पुष्कळदा येथेच लिहिली जाते. ती लिहिणारा तरुण अभियंता काही वर्षांत दुसरीकडे निघून जातो. यंत्र मात्र वर्षानुवर्षे चालत राहते. एखाद्या रात्रपाळीत ते अडले, तर दुरुस्तीस आलेल्या माणसाच्या हाती पूर्वीच्या माणसाचे विचार नसतात, त्याने दिलेली नावे तेवढी असतात.

आज्ञावली ही लहान लहान कामांची बनलेली असते. प्रत्येक कामास एक नाव असते व त्या नावाने त्याला बोलाविले जाते. अशा कामास ‘फंक्शन’ म्हणतात. साधे फंक्शन बोलाविले की ते आरंभापासून शेवटापर्यंत एका दमात चालते, आणि ते पुरे झाल्यावरच बोलाविणाऱ्याचे काम पुढे सरकते. परंतु यंत्राच्या कामात निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो. पकड घट्ट होईपर्यंत थांबावयाचे, हवेचा दाब स्थिर होईपर्यंत थांबावयाचे, पट्ट्यावरून पुढचा भाग येईपर्यंत थांबावयाचे. नियंत्रक एकच आणि कामे चार. एक काम वाट पाहत असताना उरलेली तीन अडून बसली, तर धोक्याचा दिवासुद्धा वेळेवर लागणार नाही.

यावर जो उपाय निघाला त्याचे नाव ‘कोरूटीन’. मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने हा शब्द १९५८ मध्ये योजिला आणि १९६३ मध्ये कोबोल भाषेच्या भाषांतरक प्रणालीविषयीच्या लेखात तो प्रसिद्ध केला. त्या प्रणालीतील एका घटकाचे उत्पादन हा दुसऱ्याचा कच्चा माल होता. कोणी कोणाचा वरिष्ठ नव्हता. एकाने थोडे काम करावे, थांबावे, दुसऱ्यास चालू द्यावे आणि पुन्हा पाळी आली की जेथे थांबलो तेथूनच पुढे जावे, अशी ती योजना होती. ‘को’ या उपसर्गाचा अर्थ महाराष्ट्रास वेगळा सांगावयास नको. ‘को-ऑपरेटिव्ह’मधला, म्हणजे सहकारातला, तोच हा ‘को’ होय. सहकाराचा जो धोका आपल्याला ठाऊक आहे तोही येथे आहेच. एक सभासद बोलावयास उभा राहिला आणि खालीच बसला नाही, तर सभा तेथेच थांबते. विंडोज ३.१ या एके काळी घरोघर पोहोचलेल्या प्रणालीत एखादा कार्यक्रम आपली पाळी सोडीनासा झाला, तर सगळा संगणक खिळून जाई, त्याचे कारण हेच होते.

थांबण्याच्या काळात काय घडते

खरी अडचण मात्र याच्या उलट बाजूस आहे. जे काम थांबते, त्याच्या थांबण्याच्या काळात बाकीचे जग थांबलेले नसते.

कार्यालयीन उदाहरण घ्यावयाचे तर, लिपिक टिपणी लिहून नस्ती ‘आदेशार्थ सादर’ करतो. नस्ती वर जाते व पंधरा दिवसांनी मंजुरीसह परत येते. टिपणी लिहिताना लेखाशीर्षाखाली रक्कम शिल्लक होती. पंधरा दिवसांत ती दुसऱ्या देयकापोटी खर्ची पडली. जाणता लिपिक परत आलेल्या नस्तीवर कार्यवाही करण्यापूर्वी शिल्लक पुन्हा पाहतो. नवखा जुन्या आकड्यावर विसंबतो, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

आता गळती तपासणाऱ्या यंत्राची कल्पना करावी. समजा, त्यावर ब्रेकचे दोन प्रकारचे भाग तपासले जातात. पहिल्या प्रकारास २० एककांपर्यंतची गळती चालते, दुसऱ्यास केवळ ५. आज्ञावलीत ‘दाब_मोज’ नावाचे एक फंक्शन आहे. ते हवा सोडते, दाब स्थिर होण्यासाठी दोन सेकंद थांबते आणि गळतीचा आकडा देते. त्याला बोलाविणाऱ्या फंक्शनने आधी भागाचा प्रकार पाहिला, त्यानुसार मर्यादा २० ही ठरविली, मग ‘दाब_मोज’ला बोलाविले व आलेला आकडा मर्यादेशी ताडून पाहिला. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सारे सरळ होते. परंतु त्या दोन सेकंदांत नियंत्रक रिकामा नव्हता. चालकाने कळ दाबून प्रकार बदलला, दुसऱ्या कामाने ती नोंद घेतली, आणि निकालाच्या चिठ्ठीवर छापला जाणारा प्रकार मात्र नव्या नोंदीतून उचलला गेला. तपासणी २० ने झाली आणि चिठ्ठी निघाली ५ वाल्या प्रकाराची. असा भाग पुढे एखाद्या वाहनात बसतो. ना यंत्र मोडले, ना कोणी नियम मोडला. ‘दाब_मोज’ हे नाव वाचून ते मध्ये थांबते असे कोणासही वाटले नसते, एवढाच काय तो दोष.

हेच काम ‘थांबून_दाब_मोज’ या नावाने बोलाविले असते, तर वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवर अडखळली असती. येथून परत येईपर्यंत काय काय बदललेले असेल, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला असता. मग उपाय अवघड नाही. प्रकार व मर्यादा ही दोन्ही थांबण्यापूर्वी स्वतःजवळ उतरवून घ्यावी आणि चिठ्ठीही त्याच प्रतीवरून काढावी. किंवा परतल्यावर प्रकार पुन्हा वाचावा आणि तो बदलला असल्यास तपासणी रद्द करावी. मराठीचा एक गुण येथे कामी येतो. इंग्रजीत ज्यासाठी उपसर्ग किंवा प्रत्यय वेगळा घडवावा लागतो, ते मराठी ‘थांबून’सारख्या ऊनकारान्त रूपाने एका शब्दात सांगते.

अन्यत्र योजिलेल्या पद्धती

नावाचा हा प्रश्न जगभर सोडविला गेला आहे, परंतु एका रीतीने नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेत २०१२ पासून अशी फंक्शने लिहिण्याची खास सोय झाली आणि त्यांच्या नावाच्या शेवटी ‘असिंक’ जोडण्याचा प्रघात पडला. पायथन भाषेने २०१५ मध्ये हाच शब्द फंक्शनच्या घोषणेत आणला, आणि जेथे थांबावयाचे तेथे ‘अवेट’ लिहिणे आवश्यक केले. सी-प्लस-प्लस भाषेच्या २०२० च्या मानकात ‘को_अवेट’, ‘को_यील्ड’ असे जोडशब्द आले. ते कानाला खडबडीत लागतात हे खरे, परंतु ‘यील्ड’ हा सुटा शब्द पिकाचे उत्पन्न किंवा गुंतवणुकीवरील परतावा या अर्थी जुन्या आज्ञावल्यांत आधीच वापरलेला होता. भाषेने तो स्वतःकडे राखून ठेवला असता, तर तसल्या आज्ञावल्या मोडल्या असत्या.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘क्यूएमू’चे आहे. एका संगणकात दुसरा संगणक आभासी रूपाने चालविणारी ही प्रणाली फाब्रिस बेलार या फ्रेंच तज्ज्ञाने २००३ मध्ये आरंभिली. ती सी भाषेत लिहिलेली आहे, आणि सी भाषेला कोरूटीन ही कल्पनाच ठाऊक नाही. २०११ मध्ये तिच्यात कोरूटीन आली, तेव्हा थांबणाऱ्या फंक्शनच्या घोषणेवर ‘कोरूटीन_एफएन’ अशी खूण करावयाची आणि नावात ‘को’ घालावयाचे, अशी शिस्त योजण्यात आली. ही खूण सी भाषेचा भाषांतरक तपासत नाही. ती माणसांनी पाळावयाची आहे. खूण असलेले फंक्शन खूण नसलेल्याने थेट बोलावू नये, हा तिचा नियम. काही फंक्शने मात्र दोन्हीकडून बोलाविली जात. आपण कोरूटीनमध्ये आहोत काय हे ती स्वतःच पाहत आणि त्याप्रमाणे एका किंवा दुसऱ्या रीतीने वागत. पुढे अशांसाठी ‘मिश्र’ ही तिसरी खूण करावी लागली, आणि शक्य तेथे एकाची दोन फंक्शने करण्याचे काम हाती घेण्यात आले. दोन तोंडांचे फंक्शन लिहिताना सोयीचे वाटते, परंतु ते बोलाविणाऱ्यास कोणतेच निश्चित आश्वासन देत नाही. नव्या आज्ञावलीत त्याला जागा असू नये.

लहान यंत्रांच्या नियंत्रकात स्मृती फार थोडी असते. त्यांच्यासाठी स्वीडनच्या ॲडम डंकल्स यांनी ‘प्रोटोथ्रेड’ नावाची युक्ती तयार केली. तीत प्रत्येक थांबणाऱ्या कामामागे स्मृतीतील अवघे २ बाइट पुरतात. या काटकसरीची किंमत अशी की, फंक्शनने स्वतःजवळ टिपलेले स्थानिक आकडे थांबल्यानंतर शिल्लक राहत नाहीत. म्हणजे वर सांगितलेला ‘आधी उतरवून घ्या’ हा उपाय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ती प्रत स्मृतीतील कायम जागी ठेवावी लागते. पुस्तकी नियम यंत्राची जात न पाहता लावला की अपाय होतो, तो असा.

पायथन ३ मध्ये फंक्शनास देवनागरी नाव देता येते. तंत्रनिकेतनांतील व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना याचा उपयोग करून पाहता येईल. ‘पकड_घट्ट_कर’, ‘थांबून_दाब_मोज’, ‘प्रकार_वाच’ अशी नावे फळ्यावर लिहून यांतील कोणत्या ओळीनंतर जग बदललेले असू शकते हे विद्यार्थ्यांस विचारावे. आज्ञावली एकदाही न चालविता अर्धा तास चांगला जातो. प्रत्यक्ष यंत्रावर मात्र पुष्कळदा इंग्रजी अक्षरेच चालतात, तेव्हा ‘को’ हा उपसर्ग एकदा ठरवून सर्वत्र पाळणे बरे.

विद्युत पॅनेलच्या दारामागील कप्प्यात तारांच्या जोडणीचा नकाशा ठेवण्याची रीत या पट्ट्यातील कारखान्यांत आहे. त्याच कप्प्यात आणखी एक कागद ठेवावयास खर्च येत नाही. या यंत्रात कोणती फंक्शने थांबतात, कशासाठी थांबतात, आणि थांबलेली असताना कोणत्या नोंदी बदलू शकतात, एवढे त्यावर लिहिलेले असले म्हणजे रात्री दोन वाजता पॅनेलचे दार उघडणाऱ्यास कोठून पाहावयाचे ते कळते.