टीव्हीसमोरचा खेळ : व्यायाम किती, करमणूक किती?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की जरीपटक्यातील गल्ल्या दुपारी ओस पडतात आणि मुले कूलरपुढे मोबाईल घेऊन बसतात. मग पालक दवाखान्यात विचारतात, "डॉक्टरसाहेब, हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम आणला तर मुलांचा व्यायाम होईल का?" थोडक्यात उत्तर असे : उभे राहून, सर्व अंग हलवून खेळल्यास थोडा होईल, पण मैदानाची जागा हा खेळ घेऊ शकत नाही.

हा खेळ कसा चालतो?

साध्या व्हिडिओ गेममध्ये फक्त बोटे चालतात. या खेळात मात्र हातातील यंत्र किंवा टीव्हीजवळचा कॅमेरा आपली हालचाल ओळखतो. आपण हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते. निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा संच २००६ मध्ये निघाला, तर मायक्रोसॉफ्टचा 'कायनेक्ट' २०१० मध्ये. कायनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले.

शरीराला फायदा किती?

इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी किशोरवयीन मुलांची पाहणी करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बसून खेळण्यापेक्षा या खेळात ऊर्जा जास्त खर्च होते, परंतु तोच खेळ प्रत्यक्ष खेळण्याइतकी नाही, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. धावणे नसल्याने पायांच्या मोठ्या स्नायूंना काम कमी पडते. शिवाय मनगटाचा झटका दिला तरी गुण मिळतात, हे मुले लवकरच शिकतात!

अमेरिकेत ह्यूस्टन येथे ९ ते १२ वर्षांच्या मुलांना असे गेम घरी देऊन पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, साधे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची एकूण हालचाल वाढलेली दिसली नाही. म्हणजे यंत्र आणले की व्यायाम झाला, असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटे. भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ही गरज आईवडिलांचीही आहे.

खेळताना काय पाहावे?

१) पडद्यावरचे गुण मोजू नका, श्वास पाहा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला तर व्यायाम होतो आहे.

२) एकाची पाळी असताना इतरांनी बसू नये, जागच्या जागी चालावे.

३) दर २० मिनिटांनी थांबून पाणी प्यावे. तासन्‌तास टेनिसचा गेम खेळून २९ वर्षांच्या एका डॉक्टरचा खांदा दुखावल्याची नोंद २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

४) टीपॉय बाजूला सरकवावा, फरशी कोरडी ठेवावी. आजीआजोबांनी आधाराला खुर्ची जवळ घ्यावी.

५) हृदयविकार किंवा फिट्‌स येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

ज्यांच्या घरी असे यंत्र नाही त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. फुगडी, लंगडी आणि दोरीवरच्या उड्यांना वीज लागत नाही आणि दम मात्र भरपूर लागतो. दुपारी घरात खेळावे. ऊन उतरले की मुलांना मैदानावर पाठवावे, आणि जमेल तेव्हा आपणही सोबत जावे.