जी दुरुस्त होते तीच आलमारी मजबूत

नागपूरच्या धंतोलीतले जुने बंगले एकेक करून गेले, त्यांच्या जागी दवाखाने आणि फ्लॅट स्कीम आल्या. घरं लहान झाली, बदल्यांच्या नोकऱ्या वाढल्या. सुट्या भागांचं खोकं दारात यावं आणि तासाभरात आलमारी उभी राहावी, ही सोय लोकांना आवडली. आमच्या घरात वडिलांची सागवानी, आईची लोखंडी आणि मुलीची बोर्डाची, अशा तिन्ही आलमाऱ्या वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यांच्यासोबत राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: जी दुरुस्त होते तीच आलमारी मजबूत. नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी त्यातले काही धडे इथे देते.

१. आधी आपली हवा ओळखा.
मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बाहेर कोरडी झळ असते आणि खोलीत कूलर ओलावा फेकत असतो. पुढे पावसाळ्यात सगळंच दमट होतं. लाकूड हा ओलावा शोषतं आणि सोडतं. त्यामुळे ते रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून जुने मिस्त्री दाराला एकसंध रुंद फळी लावत नसत. चौकट करून तिच्या खाचेत पातळ फळी डिंकाशिवाय बसवत, म्हणजे तिला हलायला जागा राही आणि दार तडकत नसे. भुशाच्या बोर्डाची गत वेगळी. उघड्या कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, आणि वाळल्यावर पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. कूलरचं गळणारं पाणी आणि रोजचा पोछा दोन्ही खालच्या कडेलाच गाठतात. आलमारीला तीन-चार इंचांचे पाय हवेत, आणि ती कूलरच्या झोतासमोर नको.

२. दार उघडण्याआधी पाठ पाहा.
दुकानात सगळे आरसा पाहतात, हँडल पाहतात. मागे कुणी जात नाही. आलमारीचा चौकोन तिरका होऊ न देण्याचं काम मात्र पाठच करते. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड बारीक खिळ्यांनी ठोकलेला असेल, तर आलमारी सरकवताना तो सुटतो, चौकट कलते आणि दारं एकमेकांना घासू लागतात. किमान सहा मिलिमीटरचा प्लाय खाचेत बसवलेला किंवा स्क्रूने आवळलेला असावा. वरच्या कोपऱ्याला हात लावून बाजूला हलकं ढकलून बघा. आलमारी डुलली तर पुढे चला.

३. फळी किती लांब आहे ते मोजा.
जाडी दुप्पट केली की फळीचा ताठपणा आठपट होतो. उलट लांबी दुप्पट केली आणि कपड्यांचा थर तेवढाच ठेवला, तर वाक सोळापट होतो. जरीच्या साड्या, रजया, सतरंज्या यांचं वजन आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ असतं. १८ मिलिमीटरच्या बोर्डाची फळी अडीच फुटांपलीकडे असेल, तर मध्ये उभा आधार मागा. निदान पुढच्या कडेला सागवानाची उभी पट्टी लावून घ्या. एवढ्याने फळी बरीच ताठ होते आणि खर्चही फार येत नाही.

४. बिजागरी कशात रोवली आहे, ते महत्त्वाचं.
आलमारी आधी खिळखिळी होते ती बिजागरीपाशी. भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा काढून पुन्हा घातला की पकड कमी होते, आणि बोर्डाच्या कडेत घातलेला स्क्रू तर आणखी लवकर सुटतो. त्यामुळे सुट्या भागांची आलमारी पहिल्या घरात ठीक राहते आणि घर बदलताना उलगडली की दुसऱ्या घरात डगमगते. भरीव लाकडात हीच दुरुस्ती सोपी आहे. सैल भोकात डिंक लावून लाकडाची बारीक काडी ठोकायची, वाळू द्यायची आणि नवा स्क्रू घालायचा. लाकडी कुसू खाचेत बसवून केलेला जोडही असाच उघडून पुन्हा आवळता येतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे बघा. नुसते खिळे दिसले तर कारागिराने घाई केली आहे.

५. सागवान घ्यायचं तर आतून बघून घ्या.
आपण नशीबवान आहोत. आलापल्ली-बल्लारशाचं सागवान आपल्या पलीकडच्या जिल्ह्यांतलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान गेलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं. पण सागाचं सगळंच लाकूड सारखं नसतं. वाळवीला दूर ठेवणारं नैसर्गिक तेल आतल्या गडद गाभ्यात असतं, बाहेरच्या फिकट भागात नाही. पॉलिशखाली हा फरक लपतो. म्हणून ड्रॉवरच्या खालून, पायाच्या तळाशी, फळीच्या मागच्या बाजूने बघावं. लकडगंजात आरा मशीनवर लाकूड घेताना ते किती वाळलं आहे, हे जरूर विचारा. ओलसर लाकडाच्या आलमारीचे जोड पहिल्याच उन्हाळ्यात उघडतात. पाडलेल्या बंगल्यांच्या चौकटी आणि दारं मिळाली, तर मी नव्याआधी त्यांनाच पसंती देईन. ते लाकूड कित्येक उन्हाळे सोसून स्थिरावलेलं असतं. फक्त आतले खिळे काढून, वाळवीची खूण नाही हे पाहून घ्यावं.

६. सागवान परवडत नसेल तरी मजबुती सोडू नका.
प्लायवर आयएस ७१० किंवा आयएस ३०३ हा शिक्का शोधा. पहिला पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, दुसरा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा. बोर्डच घेणार असाल तर तळाची कडसुद्धा पट्टीने बंद केलेली आहे का, हे हात फिरवून बघा. लोखंडी आलमारीचा पर्याय आजही उत्तम आहे. गोदरेजने ती १९२३ मध्ये बनवायला घेतली आणि तेव्हापासून ती मराठी घरात रुजली. पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. तळाशी गंज धरला तर घासून रंग देता येतो, कडी निखळली तर कोपऱ्यावरचा वेल्डर जोडून देतो. जुनी जाड पत्र्याची आलमारी नव्या पातळ पत्र्याच्या आलमारीपेक्षा केव्हाही बरी.

७. जिना मोजा आणि भिंतीला बांधा.
हँगर आडवा मावायला आतून जवळपास दोन फूट खोली लागते. ही आलमारी आपल्या जिन्याच्या वळणावरून जाईल का, हे आधी टेपने पाहा. मोठी आलमारी वरचा आणि खालचा अशा दोन भागांत करून घेणं शहाणपणाचं. घरात लहान मूल असेल तर ती भिंतीला पट्टीने बांधाच. कपाटं अंगावर कोसळून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेत २०२२ मध्ये ती सहज कलंडू नयेत यासाठी खास कायदा करावा लागला.

८. किंमत वर्षांनी भागा.
स्वस्त आलमारी दर बदलीला बदलावी लागली, तर दहा-पंधरा वर्षांत ती महाग पडते आणि टाकून दिलेला फुगलेला बोर्ड कुणाच्याच कामाचा राहत नाही. तरुण जोडप्यांना माझा आग्रह आहे की, भिंतभर आलमारीचा हट्ट सोडा, एकच दोन दारांची पण चांगली घ्या. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विचारा: पाच वर्षांनी दार उतरलं तर ते कोण बसवून देईल आणि कसं? याचं सरळ उत्तर देणारा मिस्त्री किंवा दुकानदार भेटला, की थोडे पैसे जास्त देऊन त्याच्याकडूनच घ्या. असे कारागीर आपल्या शहरात अजून आहेत, आणि आपण काम दिलं तरच ते टिकतील.