गांगुलपाऱ्याचं पाणी, अर्ध्या सेकंदात

लाँग एक्स्पोजर म्हणजे पाण्याचं दूध करणं, अशी हल्ली बहुतेकांची समजूत झालेली दिसते. काळाकुट्ट फिल्टर लावायचा, दोन मिनिटं शटर उघडं ठेवायचं आणि धबधब्याच्या जागी पांढरा धूर घेऊन घरी यायचं. समुद्राला ते शोभतं, सातपुड्यातल्या ओढ्यांना आणि धबधब्यांना नाही. खडकावर आपटून फुटणाऱ्या पाण्याच्या धारा सुट्या दिसायला हव्यात, आणि त्या साधारण पाव ते एक सेकंद एवढ्याच अवधीत हाती लागतात. खालची कृती मुख्यतः त्या अवधीची आहे.

जागा गांगुलपारा. बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला सुमारे १४ किलोमीटरवर हा तलाव आणि धबधबा आहे, भोवती जंगल. गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला पहाटे निघून सकाळचा उजेड गाठता येतो. ऐन पावसाळ्यात पाण्याला जोर असतो, पण ते गढूळ असतं आणि कधी चढेल याचा नेम नसतो. पाऊस ओसरू लागला, पाणी निवळलं की जावं. दिवस ढगाळ असेल तर उत्तम, नसेल तर ऊन झाडांतून खाली उतरायच्या आत काम आटोपावं. पाण्यावर उन्हाचे कवडसे पडले की तेवढे तुकडे पांढरे फटक होतात आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी त्यांत काही परत येत नाही.

आधी ट्रायपॉड. पाय पूर्ण उघडा, मधला दांडा वर काढू नका. पाय शक्यतो कोरड्या दगडावर ठेवा. वाहत्या पाण्यात ठेवलेला पाय प्रवाहाने सतत थरथरतो. डोळ्यांना ते दिसत नाही, फोटोत दिसतं. पाण्यात ठेवावाच लागला तर तळाच्या वाळूत दाबून घट्ट रोवा. बॅग खाली लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, वाऱ्यावर झुलणारी बॅग नसलेली बरी. शेवाळलेल्या दगडावर आधी स्वतःचा तोल तपासा आणि मगच कॅमेरा चढवा.

मग चौकट. फिल्टर लावण्याआधी चौकट ठरवा, फोकस करा आणि फोकसचं बटण मॅन्युअलवर टाका. गडद फिल्टरमागे कॅमेऱ्याला नीट दिसत नाही आणि तो फोकस शोधत भरकटतो. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद करा, कारण ट्रायपॉडवर तेच कधी कधी हलवाहलव करतं. शटर बोटाने दाबू नका. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर पुरतो.

आता हिशोब. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, ढगाळ उजेडात समजा कॅमेरा १/१५ सेकंद सांगतो. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट. तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे गडद, फिल्टर लावला की १/१५ चे १/८, मग १/४, मग अर्धा सेकंद. सहा स्टॉपचा लावला तर चौसष्टपट, म्हणजे चार सेकंदांच्या थोडं वर. दहा स्टॉपला हजारपटीहून जास्त, म्हणजे मिनिटाच्याही पुढे. गांगुलपाऱ्याला तीन स्टॉपचा पुरे. दहाचा महागडा फिल्टर आधी विकत घेणारे पुष्कळ पाहिले; धबधब्याला तो क्वचितच लागतो.

खरं तर मी आधी पोलरायझर घ्यायला सांगेन. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातोच, म्हणजे वरच्या हिशोबातला १/१५ नुसत्या त्याच्यावर पाव सेकंदापर्यंत येतो, आणि शिवाय ओल्या दगडांवरची, पानांवरची चमक काढून टाकतो. पडद्यावर बघत तो हळूहळू फिरवा. दगड काळा आणि पान हिरवं दिसू लागलं की थांबा. वेळ आणखी वाढवण्यासाठी एफ २२ पर्यंत जायचा मोह होतो, पण एफ १६ च्या पुढे चित्र मऊ पडू लागतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण ठिपका होऊन उमटतो.

पहिला फोटो काढल्यावर चित्राआधी हिस्टोग्राम पाहा. उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पाणी जळालं. दोन-तृतीयांश स्टॉप कमी करून पुन्हा काढा. फाइल रॉमध्येच ठेवा, कारण एनडी फिल्टर रंगात थोडी झाक सोडतो आणि ती नंतर काढावी लागते. मग एकाच चौकटीचे पाव, अर्धा आणि एक सेकंदाचे फोटो घ्या. कोणता बरा हे पाण्याच्या वेगावर आणि आपल्या अंतरावर ठरतं. जागेवर छोट्या पडद्यावर निवडायला जाऊ नका. दर दोन-चार फोटोंनंतर लेन्स पुसा, तुषार बसलेले लगेच कळत नाहीत. काठचा बांबू वाऱ्यावर डुलत असेल तर त्याच चौकटीचा एक फोटो आयएसओ १६०० वर, १/६० च्या आसपास घेऊन ठेवा. त्यातली स्थिर पानं पहिल्या फोटोत बसवता येतात.

मोबाइलची अडचण वेगळी. त्याचं अ‍ॅपर्चर सहसा ठरलेलं आणि मोठं असतं, म्हणून दिवसा प्रो मोडमध्ये शटर लांबवलं की नुसता पांढरा कागद हाती येतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्स्पोजरचा इफेक्ट देता येतो. इतर फोनवर बरेच फोटो एकत्र करणारं अ‍ॅप वापरा किंवा सांज होऊ द्या. फोनलाही ट्रायपॉड हवाच.

दोन मिनिटांची हौस फेडायची तर संध्याकाळी बालाघाटात वैनगंगेवर या. शहर नदीच्या पूर्वेला, म्हणून सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. संथ, रुंद पात्राला लांब एक्स्पोजर मानवतं. बहुतेक कॅमेरे ३० सेकंदांवर थांबतात, पुढे बल्ब मोड आणि कुलूपबंद होणारा रिमोट लागतो. डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाका, तिथून उजेड आत झिरपतो. सूर्य बुडाल्यावर शटर उघडं असतानाच प्रकाश कमी होत जातो, म्हणून हिशोबाने दोन मिनिटं आली तर तीन द्या. नॉइज रिडक्शन चालू असेल तर कॅमेरा नंतर तेवढाच वेळ अडून बसतो. तो बिघडला असं समजून बंद करू नका.

ताऱ्यांसाठी कार्तिक-मार्गशीर्षातली अमावस्या निवडा आणि शहराच्या दिव्यांपासून दूर मोकळं शेत पाहा, मालकाला विचारून. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातच असलं तरी रात्री आत जाऊन ट्रायपॉड लावायची सोय नाही. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून सुमारे २२ अंशांवर असतो. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की जवळपास तेवढी उंची येते. त्याच्याभोवती तारे तासाला १५ अंश फिरतात. एफ ४, आयएसओ १६००, प्रत्येकी ३० सेकंद आणि मध्ये एका सेकंदाची फट ठेवून तासभर फोटो घेत राहा. या वेळी मात्र नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर ताऱ्यांच्या कमानींत खिंडारं पडतील. जवळजवळ १२० फोटो होतील. ते स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. शेवटी लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा काळे फोटो घ्या, जोडताना नॉइज वजा करायला तेच लागतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात अंगाजवळ ठेवा.