तारीख घाल, मग लिही

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, सात वर्षं झाली, स्वतःचं असं काही लिहिलंच नाही. आता बसते तर हातच चालत नाही." मस्कतच्या विद्यापीठात दिवसभर इंग्रजी शिकवायचं आणि रात्री मराठीत स्वतःशी बोलायचं, हे सोपं नाही. मी उत्तर नायजेरियात चार वर्षं तेच काम केलंय आणि त्या चार वर्षांत माझी वही बंद होती. म्हणून हे तुला नीट लिहून पाठवतोय.

पहिली गोष्ट. त्या सात वर्षांचा हिशेब द्यायला बसू नकोस. का थांबलीस, कशी थांबलीस, काय काय राहून गेलं, हे पहिल्याच पानावर लिहायला घेतलंस तर दुसरं पान उघडत नाही. मी 1984 ला परत आल्यावर हेच केलं. चार वर्षांचं एकदम सगळं लिहून काढायचं ठरवलं आणि वही पुन्हा दोन वर्षं मिटली. तू आजपासून सुरू कर. आज सकाळी बसमध्ये काय दिसलं, तिथून.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. आपल्या नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजचं उत्खनन 1968 साली सुरू झालं, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. सुट्टीत मातीच्या पाट्या उचलायला जायचो. सांकलियासाहेब, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वातली मोठी माणसं तिथं उन्हात उभी असायची. खाली माळवा संस्कृतीचा थर, त्यावर जोर्वे संस्कृतीचा जुना, त्यावर जोर्वेचा उत्तरकाळचा. इसवी सनापूर्वी 1600 पासून 700 पर्यंत माणसं इथं राहिली आणि मग उठून गेली. पुढं शेकडो वर्षं त्या टेकाडावर गवत. ही रिकामी वर्षं कुणी गोष्ट रचून भरून काढली नाहीत. थर जसा आहे तसा नोंदवायचा आणि पुढचा खोदायचा. तुझी सात वर्षं म्हणजे असाच एक थर आहे. असू दे तिथं. कधीतरी आपोआप त्यातून काहीतरी वर येईल, तेव्हा उचल.

तिथलीच दुसरी गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. दुपारी निघालेली खापरं आम्ही टोपलीतून आणायचो, पाण्यात ब्रशनं घासायचो, चटईवर उन्हात मांडायचो. तांबड्या अंगावर काळ्या रंगाची नक्षी ओली असताना उठून दिसायची. जोर्वेचं चांगलं भाजलेलं खापर बोटानं वाजवलं की धातूसारखं खणखणतं. वाळल्यावर एकजण बारीक निबानं प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं गावाची खूण, खड्डा आणि थर लिहायचा. एकदा मी एक सुंदर तुकडा, तोटी शाबूत असलेला, घाईत दुसऱ्या टोपलीत टाकला. खुणा लिहिणाऱ्यानं तो हातात घेतला, उलटा केला, म्हणाला, कुठल्या थरातला? मला सांगता आलं नाही. तुकडा सुंदर होता, पण त्याला आता काही सांगता येणार नव्हतं. म्हणून पोरी, पानाच्या वर तारीख, गाव आणि वेळ. मग लिही. चार ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण तारखेशिवाय एकही नको. उत्खननाची ती मोठी माणसं रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसून दिवसाची नोंद करायची. 1983 पर्यंत खोदकाम चाललं आणि 1988 साली त्याचा जाडजूड अहवाल निघाला. तो त्या रोजच्या नोंदींवर उभा आहे.

काय लिहू, असंही तू विचारलंस. या टेकाडावर राजाचा लेख निघाला नाही. निघाले जळून काळे झालेले धान्याचे दाणे, जव, गहू, मसूर. चूल निघाली, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेले दोन रांजण निघाले आणि त्यात लहान लेकरू. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला कळतात ती त्यांच्या जेवणातून आणि दुःखातून. तू मस्कतवर, ओमानच्या इतिहासावर मोठे विचार लिहायला बसू नकोस. भाजीवाल्याकडं मेथी कुठून येते, भाकरीला ज्वारी मिळते का, चहात तू काय घालतेस, ते लिही. माझ्या नायजेरियातल्या वर्षांचं मला आज काय आठवतं? डिसेंबरात हरमाटनचा वारा सुटायचा आणि टेबलावर, पुस्तकावर, ओठांवर बारीक धूळ बसायची, एवढंच. रात्री काय खायचो ते आठवत नाही. लिहिलं असतं तर आठवलं असतं.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट, ही नीट ऐक. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्याची भाषा पातळ होत जाते. मुलांना कळावं म्हणून तू सोपे शब्द वापरतेस, हळू बोलतेस, एकच वाक्य तीनदा म्हणतेस. वर्गात ते बरोबरच आहे. पण सहा तास असं बोलून घरी आलीस की तुझी स्वतःची वाक्यंही तशीच आखूड आणि गुळगुळीत निघतात. शिवाय तू मुलांना पाच परिच्छेदांचा निबंध शिकवतेस, आधी प्रस्तावना, मग तीन मुद्दे, मग समारोप. तो साचा वर्गातच ठेवून ये. आणि पेपर तपासलेल्या दिवशी स्वतःचं लिहू नकोस. हातात लाल पेन असतं आणि ते स्वतःच्या वाक्यावरही चालायला लागतं. त्या दिवशी नुसतं मराठी मोठ्यानं वाच.

तुझी जिवंत मराठी कुठं आहे, सांगू? तू तुझ्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर जे आवाजी निरोप पाठवतेस त्यात. "आई, आज इथं पाऊस पडला, रस्ते तुंबले, मुलं नाचायला लागली," हे तू परवा पाठवलंस ना? तिनं मला ऐकवलं. ते जसंच्या तसं कागदावर उतरव. माझ्या नायजेरियाचं जे काही शिल्लक आहे, ते मी घरी पाठवलेल्या आणि माझ्या आईनं ट्रंकेत ठेवलेल्या निळ्या एअरोग्राम-पत्रांतच आहे.

या वाटेनं गेलेले मोठे लोक आहेत. विलास सारंग बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, पुढं कुवेतलाही. दिवसा इंग्रजी, आणि मराठीत 1975 साली 'सोलेदाद', 1983 साली 'एनकीच्या राज्यात'. हे दुसरं इराकच्या मातीतून आलेलं मराठी पुस्तक आहे. दिलीप चित्रे 1960 ते 1963 इथिओपियात शिकवत होते आणि त्या मुक्कामातून 'शिबाराणीच्या शोधात' आलं. 'एनकीच्या राज्यात' आणि 'शिबाराणीच्या शोधात' मी तुला पाठवतो. ती आदर्श म्हणून वाचू नकोस, सोबतीला ठेव.

एक ठेच मला लागलेली सांगतो, म्हणजे तुला लागणार नाही. वही बंद असली तरी नायजेरियातल्या एका विद्यार्थ्याबद्दल मी तेव्हा एकदा एका मासिकात लिहिलं होतं. नाव नव्हतं, पण गाव, वडिलांचा धंदा, तोतरेपणा सगळं होतं. कुणीतरी त्याला अर्थ सांगितला. तो माझ्या वर्गात पुन्हा बसला नाही. म्हणून विद्यार्थी, सहकारी, विभागप्रमुख यांचं काही लिहायचं तर ते फक्त वहीत. बाहेर देताना गाव बदल, चेहरा बदल, आणि नोकरीच्या करारात लेखनाबद्दल काय अट आहे ते आधी वाचून घे. तक्रार तर वहीतही दुसऱ्या दिवशीच लिही.

टाइप करणार असशील तर युनिकोडमध्येच कर. 1998 च्या सुमाराला मी जुन्या फॉन्टमध्ये केलेले चाळीस लेख आज उघडले की नुसती विचित्र चिन्हं दिसतात. दर महिन्याला एक प्रत कागदावर काढून आईकडं पाठव. कागदाला पासवर्ड लागत नाही.

आणि वेळ. तुझी सुट्टी शुक्रवार-शनिवार. गुरुवारी रात्री दमलेली असशील, तेव्हा झोप. शुक्रवारी सकाळी चहा झाला की तासभर बस. या शुक्रवारी तेव्हा मी फोन करणार नाही, तुझ्या आईलाही सांगितलंय. संध्याकाळी साडेसातला करीन. तुझ्याकडं सहा वाजलेले असतील. नदीच्या बाजूला ऊस तोडायला आलाय, गाड्यांचा आवाज असेल, तरी तू मोठ्यानं वाचून दाखव. वरची तारीखसुद्धा वाच.