मोटार ओढेल, पण थांबेल का?

आपण ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतो. इंग्लंडात मोटारीला ट्रॉली जोडून घोडा नेतात. एकच मोटार रोजच्या कामाला नि घोड्यालाही हवी. ती कशी निवडावी?

आधी बेरीज करू. घोडा सुमारे ५०० किलो. रिकामी ट्रॉली सुमारे ९०० किलो. एकूण १४०० किलो.

लहान मोटार स्वस्त. तेलही कमी खाते. पण उतारावर मागचे ओझे तिलाच ढकलते. घोडा हलला, की ट्रॉली डोलते. माणूस नि मुके जनावर, दोघांच्याही जिवावर बेतते.

म्हणून मोटार १४०० किलोहून बरीच जड असावी. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असावा. मोटार किती ओढते, तो आकडा तिच्या पुस्तकात असतो.

आता आपल्याला वाचता येते. ट्रॉली भरण्याआधी आपणही ट्रॅक्टरचा आकडा वाचू या.